मार्कस ऑरेलियसने कोणता नियम मोडला?

घराणेशाहीवर वाद पेटला की थोड्याच वेळात कुणीतरी मार्कस ऑरेलियसला साक्षीला बोलावतं. मांडणी ठरलेली असते. नर्वा, ट्रेजन, हेड्रियन, अँटोनायनस पायस आणि मार्कस हे रोमचे पाच चांगले सम्राट. पहिल्या चौघांनी रक्ताचं नातं बाजूला ठेवून लायक माणूस दत्तक घेतला, म्हणून इ.स. 96 ते 180 या काळात साम्राज्य सुखाने नांदलं. पाचवा मात्र पुत्रप्रेमाला बळी पडला, त्याने कॉमोडसच्या हाती सत्ता दिली आणि तिथून रोमची घसरण सुरू झाली. यावर मार्कसचे चाहते जी उत्तरं देतात तीही बरी नसतात. कुणी म्हणतं, कॉमोडस त्याचा मुलगा नव्हताच, मार्कसची बायको फॉस्टिना हिला तो एका ग्लॅडिएटरपासून झाला. कुणी म्हणतं, मार्कस मुलाला वगळणारच होता, पण त्याआधीच त्याचा घात झाला. पहिली गोष्ट नंतरच्या काळातल्या एका बेभरवशाच्या चरित्रसंग्रहातली कुचाळकी आहे. दुसरीला तेवढाही आधार नाही. कॉमोडसला खूश करण्यासाठी वैद्यांनी मार्कसला मारलं असं कॅसियस डिओ हा समकालीन इतिहासकार लिहितो खरा, पण मार्कस मुलाला वगळणार होता असं तो कुठेही म्हणत नाही. उलट मरणाऱ्या मार्कसने मुलाला सैनिकांच्या हवाली केलं, असं तोच सांगतो.

दोन्ही बाजू एक गोष्ट न तपासता मान्य करून बसल्या आहेत: लायक माणूस निवडण्याचा एक नियम रोममध्ये होता आणि मार्कससमोर तो पाळण्याचा किंवा मोडण्याचा पर्याय होता. माझं म्हणणं असं की तो नियम कधीच नव्हता. दत्तक ही त्या सम्राटांची अडचण होती. तिला तत्त्वाचं रूप नंतरच्यांनी दिलं. जिवंत मुलाला डावलणं म्हणजे एक तर त्याला मारणं किंवा यादवी ओढवून घेणं, हे मार्कसच्या आधीच्या आणि नंतरच्या रोमन इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं. मार्कसचा दोष आहे, मोठा आहे, पण तो लोक दाखवतात त्या जागी नाही.

आधी ती 'परंपरा' एकेक करून पाहू. नर्वा गादीवर आला तेव्हा साठी ओलांडलेला, निपुत्रिक. 97 मध्ये प्रिटोरियन रक्षकांनी त्यांचा प्रमुख कॅस्पेरियस एलियानस याच्या पुढाकाराने त्याला राजवाड्यात वेढलं आणि आधीचा सम्राट डोमिशियन याचे मारेकरी त्याच्याकडून वसूल केले. स्वतःच्याच रक्षकांपुढे हतबल झालेल्या या म्हाताऱ्याने त्याच वर्षी वरच्या जर्मनीत सैन्य घेऊन बसलेल्या ट्रेजनला दत्तक घेतलं. ट्रेजन गुणी होता, यात शंका नाही. पण त्याच्यामागे लीजन, म्हणजे रोमन फौजेच्या मोठ्या पलटणी, होत्या, हे त्या निवडीचं पहिलं कारण आहे. ट्रेजनलाही मूल नव्हतं. त्याने हेड्रियनला दत्तक घेतलं म्हणतात ते 117 च्या ऑगस्टमध्ये, किलिकियातल्या सेलिनसला, मृत्युशय्येवर. आणि ते दत्तकविधान खरं की राणी प्लोटिनाने घडवून आणलेलं, याबद्दल तेव्हापासूनच कुजबुज होती. डिओ तर ते झालंच नाही असं म्हणतो. हा हेड्रियन कोण? ट्रेजनच्या चुलतभावाचा मुलगा, लहानपणी बाप गेल्यावर ट्रेजनच्याच पालकत्वाखाली वाढलेला आणि ट्रेजनच्या बहिणीच्या नातीचा नवरा. म्हणजे घरातलाच.

हेड्रियनही निपुत्रिक. 136 मध्ये त्याने ल्युसियस सियोनियस कॉमोडस या तब्येतीने खचलेल्या सरदाराला निवडलं. तो 138 च्या 1 जानेवारीला वारला. मग 25 फेब्रुवारीला हेड्रियनने अँटोनायनसला दत्तक घेतलं, तेही या अटीवर की अँटोनायनसने लगेच दोन मुलं दत्तक घ्यावीत: सोळा वर्षांचा मार्कस आणि मृत सियोनियसचा सात वर्षांचा मुलगा ल्युसियस व्हेरस. अँटोनायनस हा मार्कसच्या आत्याचा नवरा. त्याचे स्वतःचे दोन मुलगे आधीच वारले होते. पुढे 145 मध्ये मार्कसचं लग्न झालं ते अँटोनायनसच्या मुलीशी, फॉस्टिनाशी, म्हणजे त्याच्या आतेबहिणीशी. एवढं नात्याचं जाळं समोर असताना याला रक्ताच्या नात्यावर मात केलेली व्यवस्था कसं म्हणायचं? ज्या चौघांनी दत्तक घेतलं त्या चौघांपैकी एकाकडेही हयात मुलगा नव्हता, आणि ट्रेजनच्या पुढे प्रत्येकाने निवड केली ती नातं पाहून किंवा नातं जोडून. मराठी वाचकाला दत्तक म्हटलं की 1848 चं सातारा आणि 1853 ची झाशी आठवते: मुलगा नाही म्हणून गादी चालवायला घेतलेला वारस. रोमन दत्तक मोठ्या वयाच्या माणसाचंही होत असे, एवढा फरक सोडला तर सम्राटांच्या बाबतीत कारण तेच होतं.

मग तत्त्व आलं कुठून? त्या काळात त्याची भाषा बोलली गेली, हे खरं आहे. पण रोमन इतिहासकार टॅसिटसने 'सर्वोत्तमाची निवड' हे भाषण ज्याच्या तोंडी घातलं आहे तो सम्राट गाल्बा आहे. त्याने 69 च्या 10 जानेवारीला पिसोला दत्तक घेतलं, सैनिकांना बक्षिशी दिली नाही, डावललेल्या, वारस होण्याची आशा धरलेल्या ओथोला विचारात घेतलं नाही. आणि 15 जानेवारीला गाल्बा आणि पिसो दोघांचीही मुंडकी उडाली. पुढे इटालियन राजकीय विचारवंत मॅकियाव्हेलीने वारशाने आलेले सम्राट, टायटस सोडून, वाईट आणि दत्तकाने आलेले चांगले असा ठोकताळा मांडला. इंग्रज इतिहासकार गिबनने डोमिशियनच्या मृत्यूपासून कॉमोडसच्या आगमनापर्यंतचा काळ मानवजातीच्या सर्वाधिक सुखाचा ठरवला. तिथपासून हे समीकरण पाठ झालं. त्यात एक माणूस सोयीने गळतो. कुप्रसिद्ध नीरोसुद्धा दत्तकच होता.

आता समोरच्या बाजूचे खरोखर वजनदार मुद्दे घेतो, कारण ते आहेत. पहिला: मार्कसला सत्ता वाटून घेता येत होती हे त्याने स्वतःच सिद्ध केलं होतं. 161 मध्ये सिनेट त्याला एकट्याला अधिकार देत असताना त्याने हट्टाने ल्युसियस व्हेरसला बरोबरीचा सम्राट करून घेतलं. रोमला एकाच वेळी दोन ऑगस्टस, म्हणजे पूर्ण अधिकाराचे सम्राट, मिळाले ते पहिल्यांदाच. मग 177 मध्ये मुलाला ऑगस्टस करताना त्याच्या जोडीला दुसरा कुणी का नाही? दुसरा: माणूस उपलब्ध होता. टायबेरियस क्लॉडियस पाँपेयानस हा अँटिओकचा, साध्या घराण्यातून वर आलेला, डॅन्यूब नदीच्या सरहद्दीवरच्या युद्धात सिद्ध झालेला सेनापती, दोनदा कॉन्सल (रोममधलं सर्वोच्च वार्षिक पद), आणि मार्कसच्या थोरल्या हयात मुलीचा, ल्युसिलाचा, नवरा. तिसरा: घाई. कॉमोडसला पाचव्या वर्षी 'सीझर' ही वारसाची पदवी, पंधराव्या वर्षी कॉन्सल आणि त्याच वर्षी 'ऑगस्टस'. इतक्या लवकर सगळं देऊन टाकल्यावर मुलगा कसा निघतो ते पाहायला वेळच उरला नाही. चौथा मुद्दा नैतिक आहे आणि मला तो सगळ्यात जड वाटतो. सर्वांचं हित आपल्या हितापेक्षा मोठं, हे आयुष्यभर स्वतःला बजावणाऱ्या माणसाने कोट्यवधी लोकांचं नशीब जन्माच्या योगायोगावर सोडावं का?

उत्तरासाठी सम्राटपद चालायचं कसं ते पाहावं लागतं. ऑगस्टसने इ.स.पू. 27 मध्ये प्रजासत्ताक परत आणल्याचा देखावा उभा केला आणि तो पुढे कुणी मोडला नाही. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने सम्राट हा राजा नव्हता. तो अनेक अधिकारांची बेरीज होता: प्रांतांवरचा सेनाधिकार, ट्रिब्यूनचे (जनतेच्या प्रतिनिधीचे) अधिकार, प्रमुख पुरोहितपद. हे अधिकार सिनेट प्रत्येक माणसाला स्वतंत्रपणे देत असे. सम्राट व्हेस्पेशियनला असे अधिकार देणाऱ्या कायद्याचा काशाचा पत्रा अजून रोममध्ये आहे. उरलेल्या मजकुरात अधिकारांची यादी आहे, वारसाबद्दल ओळ नाही. असणारही कशी? जे पद कागदावर राजपद नाही त्याचा वारसा कागदावर लिहिता येत नाही. पण कागदाबाहेर तीन गोष्टी घट्ट होत्या. सैनिकांची निष्ठा सम्राटाबरोबर त्याच्या घराण्याशीही बांधलेली असे. त्याची अवाढव्य खासगी मालमत्ता, गुलाम, मुक्त केलेले नोकर आणि आश्रित हे सगळं खासगी वारसा कायद्याने जाई. आणि त्या कायद्यात बापाला मुलगा वगळायचा तर मृत्युपत्रात त्याचं नाव घेऊन वगळावं लागे, नुसतं गप्प राहून चालत नसे. तिसरी गोष्ट पैसा. 161 मध्ये मार्कस आणि व्हेरसने प्रत्येक प्रिटोरियनला 20,000 सेस्टर्स (रोमन नाणी) देण्याचं वचन दिलं, तेव्हा लीजनमधल्या साध्या शिपायाचा वर्षाचा पगार 1,200 सेस्टर्स होता. नवा सम्राट आला की ही रक्कम मिळते, हे तीस लीजनमधला प्रत्येक सैनिक जाणून होता. अशा व्यवस्थेत डावललेला राजपुत्र म्हणजे कुणालाही केव्हाही उभा करता येईल असा तयार दावेदार.

म्हणूनच तो जगत नसे. ऑगस्टस गेला त्याच वर्षी, 14 मध्ये, त्याचा नातू अग्रिप्पा पोस्टुमस मारला गेला. टायबेरियसने नातू गेमेलस आणि कॅलिगुला यांना मिळून वारस केलं. कॅलिगुलाने गेमेलसला काही महिन्यांतच संपवलं. आणि या वादात जे उदाहरण सगळ्यांत आधी यायला हवं ते कुणी काढत नाही. सम्राटाने पोटच्या मुलाच्या पुढे दत्तक पुत्राला आणण्याचा प्रयोग रोममध्ये मार्कसच्या आधी झाला होता. क्लॉडियसने 50 मध्ये बायकोच्या आधीच्या मुलाला, नीरोला, दत्तक घेतलं आणि स्वतःच्या ब्रिटानिकसपेक्षा पुढे केलं. क्लॉडियस 54 च्या ऑक्टोबरमध्ये गेला. ब्रिटानिकस चौदावा वाढदिवस तोंडावर असताना, 55 च्या फेब्रुवारीत, नीरोसमोर जेवणाच्या टेबलावर कोसळून मेला. मार्कसने कॉमोडसला डावलावं असं सहज लिहून टाकणाऱ्याने या वाक्याचा पुढचा भागही लिहावा: आणि मग त्या मुलाचं काय करावं?

हा प्रश्न मार्कससाठी तात्त्विक नव्हता. 175 च्या वसंतात तो डॅन्यूबवर असताना सम्राट मेल्याची अफवा पसरली आणि सीरियाचा सुभेदार, पार्थियन युद्धातला सगळ्यांत यशस्वी सेनापती अव्हिडियस कॅसियस याने स्वतःला सम्राट जाहीर केलं. सीरिया त्याच्यामागे गेला, रोमला धान्य पुरवणारा इजिप्त गेला. डिओच्या म्हणण्याप्रमाणे यात फॉस्टिनाचा हात होता: नवरा मेला तर कॉमोडस लहान आहे, दुसराच कुणी सत्ता बळकावेल, या भीतीने तिनेच कॅसियसला सावध राहायला सांगितलं होतं. ते खरं मानलं काय, न मानलं काय, परिस्थितीचं निदान त्यात अचूक आहे. तीन महिने आणि सहा दिवसांनी कॅसियसला त्याच्याच माणसांनी मारलं. पण त्या तीन महिन्यांत मार्कसने काय केलं ते तारखांतून दिसतं. तेरा वर्षांच्या कॉमोडसला तातडीने आघाडीवर बोलावलं आणि 7 जुलैला सैन्यासमोर त्याला प्रौढत्वाची वस्त्रं दिली. पुढच्या दोन वर्षांतली सगळी पदं, 176 च्या नोव्हेंबरातलं सेनाधिकाराचं पद, 177 चं कॉन्सलपद, मग ऑगस्टस, त्याच भीतीतून आली आहेत. चौदा-पंधरा वर्षं रोगराई, सरहद्दीवरची युद्धं आणि खचत चाललेली तब्येत सांभाळणाऱ्या सम्राटाने पाहिलं की आपल्या मरणाची नुसती अफवा साम्राज्याचा पूर्वेकडचा भाग तोडू शकते. याला पुत्रप्रेम म्हणून उडवून लावणारा माणूस 175 हे वर्ष विसरलेला असतो.

पाँपेयानसचं काय? त्याला ऑगस्टस केलं असतं तर त्याची बायको ल्युसिला ही मार्कसची मुलगी आणि व्हेरसची विधवा, म्हणजे आधीच 'ऑगस्टा' पद मिरवणारी. त्यांना मुलगाही होता. एका घरात दोन सम्राट, दोन वारसरेषा. 161 ची गोष्ट वेगळी होती: व्हेरस निपुत्रिक होता, मार्कसपेक्षा नऊ वर्षांनी लहान होता, दुय्यम जागा त्याला मान्य होती आणि लग्नही मार्कसच्याच मुलीशी ठरलं होतं. ल्युसिला दुय्यम जागेवर समाधानी राहणारी नव्हती. सत्ता मिळाली नसतानाही 182 च्या सुमारास तिने भावाच्या खुनाचा कट केलाच. बरोबरीच्या दोन वारसांचं काय होतं ते सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसने पुढे दाखवलं. त्याने 211 मध्ये कॅराकला आणि गेटा या दोन्ही मुलांना सत्ता दिली आणि वर्ष संपायच्या आत कॅराकलाने गेटाला आईच्या कुशीत मारवलं. शिवाय पाँपेयानसची स्वतःची इच्छा? 193 मध्ये त्याला सम्राटपद देऊ केलं गेलं आणि त्याने ते नाकारलं असं सांगितलं जातं.

तरीही कुणी म्हणेल की मुलांना पद्धतशीर डावलून गुणवत्तेची शिडी उभी करायचा प्रयत्न कधी झालाच नाही, मग तो फसतो हे कशावरून? झाला, आणि फसला. सम्राट डायोक्लेशियनने 293 मध्ये दोन ऑगस्टस आणि दोन सीझर अशी चौघांची रचना केली. वरच्या दोघांनी पायउतार व्हायचं, खालच्या दोघांनी वर चढायचं, नवे दोन सीझर निवडायचे. स्वतः डायोक्लेशियनला मुलगा नव्हता, फक्त व्हॅलेरिया ही मुलगी. म्हणजे ही रचना सुचायलाही निपुत्रिक सम्राटच लागला. 1 मे 305 ला तो आणि त्याच्या जोडीचा ऑगस्टस मॅक्सिमियन खरोखर पायउतार झाले. नव्या सीझरच्या निवडीत मॅक्सिमियनचा मुलगा मॅक्सेंटियस आणि सीझरचा ऑगस्टस झालेल्या कॉन्स्टँटियसचा मुलगा कॉन्स्टंटाइन या दोन प्रौढ मुलांना डावललं गेलं. पुढच्या वर्षी 25 जुलैला कॉन्स्टँटियस यॉर्कला वारला आणि सैन्याने त्याच दिवशी कॉन्स्टंटाइनला सम्राट केलं. 28 ऑक्टोबरला रोममध्ये मॅक्सेंटियस उठला. 308 मध्ये कार्नंटमला बैठक घेऊन तडजोड झाली, ती टिकली नाही. एकच सम्राट उरायला 324 उजाडलं. डायोक्लेशियनइतका कणखर, संघटनकुशल आणि संपूर्ण सैन्य मुठीत असलेला माणूस जे दीड वर्ष टिकवू शकला नाही, ते आजारी मार्कसने रोगराई आणि युद्धाच्या मध्यात करून दाखवायला हवं होतं, ही अपेक्षा कुठल्या आधारावर?

मग मार्कस निर्दोष आहे का? नाही, आणि त्याच्या चाहत्यांनी हे टाळू नये. तिसरा मुद्दा, घाईचा, मी अर्धा मान्य करतो. कॅसियसनंतर वारस निःसंदिग्धपणे जाहीर करणं आवश्यक होतं. पण 'सीझर' ही पदवी आणि ट्रिब्यूनचे अधिकार एवढ्याने ते काम झालं असतं. अँटोनायनसने मार्कसला साधारण तेवढंच दिलं होतं, आणि तेही टप्प्याटप्प्याने: 139 मध्ये सीझर, 147 मध्ये ट्रिब्यूनचे अधिकार, आणि ऑगस्टस हे पद बाप गेल्यावरच. तेवीस वर्षं मार्कसने कारभाराची कागदपत्रं, न्यायदान, सिनेटमधली माणसं जवळून पाहिली. कॉमोडसला ऑगस्टसपद मिळालं तेव्हा तो सोळा वर्षांचाही नव्हता. मिळवायचं काही उरलं नाही, वाट पाहायची काही उरली नाही, आणि बापालाही ते परत घ्यायची सोय राहिली नाही. 178 च्या ऑगस्टमध्ये तो मार्कसबरोबर डॅन्यूबवर गेला आणि 17 मार्च 180 ला मार्कस वारला. युद्धाची शिकवण जेमतेम दीड वर्षाची. ना स्वतंत्र सेनापतित्व, ना एखाद्या प्रांताचा कारभार. मार्कसने सल्लागार मागे ठेवले, पण अठरा वर्षांच्या सर्वाधिकारी मुलाला त्यांचं ऐकायला लावणारी एकही गोष्ट ठेवली नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कॉमोडस रोमला परतला होता. नंतर कारभार आधी प्रिटोरियनांचा प्रमुख पेरेनिस याच्या आणि मग राजवाड्यातला मुक्त गुलाम क्लिअँडर याच्या हातात गेला, आणि क्लिअँडरने पदं विकता विकता एका वर्षात पंचवीस कॉन्सल केले. मुलाला वारस करणं टाळता येत नव्हतं. त्याला वारस म्हणून घडवणं टाळता येण्यासारखं मुळीच नव्हतं, आणि तेच राहिलं.

चौथ्या मुद्द्याचं उत्तरही इथेच आहे. लोकांचं हित पाहायचं तर पर्यायांचा हिशोब मांडावा लागतो: एका बाजूला अठरा वर्षांचा, कच्चा, तोवर कुठलंही क्रौर्य न दाखवलेला मुलगा, ज्याच्याबद्दल डिओसारखा कडवा टीकाकारही म्हणतो की तो स्वभावाने दुष्ट नव्हता, भोळा होता आणि संगतीने बिघडला, दुसऱ्या बाजूला जवळजवळ खात्रीचं यादवी युद्ध. कॉमोडस पुढे जो झाला तो आपल्याला माहीत आहे, मार्कसला नव्हता. शिवाय कॉमोडसने सुरुवातीला डॅन्यूबवर लाजिरवाणा तह केला असं म्हणतात, पण तो तितका लाजिरवाणा नव्हता. क्वादी जमातीकडून 13,000 माणसं सैन्यात घेतली गेली, कैदी परत घेतले, त्यांच्या सभा महिन्यातून एकदा, ठरलेल्या एका जागी, रोमन सेंच्युरियनच्या (तुकडीच्या नायकाच्या) देखत व्हायच्या अशी अट घातली.

आणि जो सम्राट घराण्याबाहेरून आला त्याच्या वाट्याला काय आलं? 31 डिसेंबर 192 ला कॉमोडसला नार्सिसस नावाच्या मल्लाने गळा दाबून मारलं. वारस नव्हता, घराणं संपलं होतं, आता खरोखर लायक माणूस निवडायला मैदान मोकळं होतं. निवडला गेलाही: पर्टिनॅक्स, अनुभवी, काटकसरी, प्रामाणिक, मार्कसच्याच तालमीतला. 87 दिवसांनी प्रिटोरियनांनी त्याला कापलं आणि छावणीच्या तटावरून बोली लावून साम्राज्य डिडियस ज्युलियानसला विकलं, माणशी 25,000 सेस्टर्सला. ज्युलियानस 66 दिवस टिकला. त्यानंतर सेव्हेरस, नायजर आणि अल्बिनस या तीन सेनापतींची लढाई 19 फेब्रुवारी 197 ला लुग्डूनमच्या, म्हणजे आजच्या लिऑनच्या, मैदानावर संपेपर्यंत चालली. जिंकलेल्या सेव्हेरसपाशी सगळ्या लीजन होत्या, तरी तेवढं त्याला पुरेसं वाटलं नाही. 195 मध्येच त्याने स्वतःला मेलेल्या मार्कस ऑरेलियसचा मुलगा जाहीर केलं आणि आपल्या थोरल्या मुलाचं नाव बदलून मार्कस ऑरेलियस अँटोनायनस ठेवलं. आणि मार्कसचा मुलगा व्हायचं तर कॉमोडसचा भाऊ होणं ओघाने आलंच. म्हणून ज्याचे पुतळे फोडायचा ठराव सिनेटने केला होता त्या कॉमोडसला त्याच सिनेटकडून त्याने देव म्हणून जाहीर करून घेतलं.